घरबसल्या काम: खरे आणि फसवे

घरी राहून चार पैसे मिळवावेत, ही इच्छा आपल्या समाजात नवी नाही. तीत गैरही काही नाही. १९५९ साली मुंबईतील गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाची विख्यात संस्था उभी राहिली. तेथील रीत साधी आहे. मळलेले पीठ घरी न्यावे, पापड लाटून आणून द्यावेत आणि मजुरी घ्यावी. सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मजुरीही हजार विड्यांमागे ठरते. दोन्ही ठिकाणी श्रम काम देणाऱ्याकडे जातात आणि पैसा काम करणाऱ्याकडे येतो. घरबसल्या मिळणाऱ्या कोणत्याही कामाची पारख करावयाची, ती याच कसोटीवर.

फसव्या कामात पैशाची ही दिशा पालटते. पेन्सिली खोक्यांत भरण्याचे काम घरपोच देऊ, असे सांगून आधी नोंदणीचे, मग ओळखपत्राचे, मग माल पाठविण्याचे शुल्क मागितले जाते. पेन्सिली मात्र कधीच येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात संगणकावर मजकूर उतरवून देण्याचा करार होतो. काम संपताच त्यात चुका दाखवून मजुरी नाकारली जाते आणि वर वकिलाच्या नावाने नोटीस धाडून दंड मागितला जातो. अशी नोटीस हा न्यायालयाचा हुकूम नव्हे. तिला भिऊन पैसे भरण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा वा पोलिसांचा सल्ला घ्यावा.

तिसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर वा टेलिग्रामवर अनोळखी निरोप येतो: चित्रफितींना पसंती द्या आणि पैसे मिळवा. येथे पहिली शेपन्नास रुपयांची कमाई खरोखरच खात्यात जमा होते. तेच आमिष असते. विश्वास बसला की मोठ्या कामासाठी आधी रक्कम भरावयास सांगतात. पडद्यावर नफ्याचे आकडे फुगत जातात. पण ते काढू जाता कर भरा, दंड भरा, असा तगादा सुरू होतो. समूहात आपला नफा मिरवणारी मंडळीही बहुधा त्याच टोळीतील असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा फसवणुकीत गुंतलेली शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. परंतु एक नाव मिटले की दुसरे उभे राहते.

याहून घातक मागणी म्हणजे आपले बँक खाते ‘कामासाठी’ वापरू देण्याची. त्या खात्यातून इतरांचे लुबाडलेले पैसे फिरतात आणि पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारी येतात.

फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा व आपल्या बँकेलाही कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने सरकतो. तो पुढे जाण्यापूर्वीच अडविता येतो. व्यवहाराची नोंद व आलेले निरोप पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. अनेक जण, विशेषतः गृहिणी आणि विद्यार्थी, घरच्यांच्या बोलण्याच्या भयाने गप्प राहतात आणि गेलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा पैसे भरतात. म्हणून घरच्यांनीही आधी दूरध्वनी लावावा; बोल लावण्याची घाई करू नये. लाज वाटावयाची तर ती फसविणाऱ्याला वाटावी. कष्टाची भाकरी शोधणाऱ्याला नव्हे.