विश्लेषण : पाण्यातील ‘पीएएच’ प्रकाशाने कसे पकडतात?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. येथील प्रक्रिया केलेले सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. नवापूर, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांची रोजीरोटी याच किनाऱ्यावर आहे. सांडपाण्याची नेहमीची सीओडी तपासणी एकूण भार सांगते. त्यात नेमके कोणते रसायन आहे, हे सांगत नाही. ‘पीएएच’ त्यातून कळत नाहीत.

पीएएच म्हणजे काय?

पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे बेन्झिनसारखी दोन किंवा अधिक कडी जोडून बनलेली संयुगे. कोळसा, डिझेल, लाकूड अर्धवट जळले की ती तयार होतात. डांबर आणि खनिज तेलातही असतात. यातील बेन्झो-ए-पायरीन माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे.

तपासणी कशी होते?

उजेडात ही संयुगे विघटित होतात, म्हणून नमुना गडद काचेच्या बाटलीत, थंड ठेवून नेतात. त्यातील संयुगे द्रावकात ओढून ‘एचपीएलसी’ यंत्रात सोडतात. बारीक कणांनी भरलेल्या नळीतून ती दाबाने पुढे सरकतात. साधारणपणे लहान रेणू आधी, मोठे नंतर बाहेर पडतात. मग त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकतात. बहुतेक पीएएच तो शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश फेकतात. बाहेर येण्याची वेळ आणि प्रकाश, या दोन्हींवरून ओळख पटते. अ‍ॅसिनॅफ्थिलीन मात्र जवळपास चमकत नाही. त्यासाठी अतिनील शोषण मोजणारा दुसरा डिटेक्टर लागतो.

मर्यादा किती?

आयएस १०५०० मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरच्या हजार टँकरमध्ये मिळून फक्त १ ग्रॅम!

मासळीचे काय?

मासे पीएएचचे यकृतात रूपांतर करून ते बाहेर टाकतात. कालवे, शिंपल्यांना ते तितके जमत नाही, त्यामुळे त्यांच्यात साठा होतो. म्हणून केवळ माशाचे मांस तपासून चित्र पूर्ण होत नाही.

अहवालात काय पाहावे?

यादीत पीएएच आहे का आणि यंत्र किमान किती प्रमाण ओळखू शकते, हे पाहावे. ‘आढळले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ यांत मोठा फरक आहे.