बी उगवलं, पण आतली बुरशी?

गॅरेजमध्ये दोन-तीन उन्हाळे पडून असलेली लॉनच्या बियांची पिशवी तुमच्याकडेही असेल. त्यातलं चिमूटभर बी ओल्या कागदात ठेवून बघा, बरंचसं उगवेल. पण पिशवीवर ‘एंडोफाइट’ असलेलं बी असं लिहिलं असेल, तर ज्यासाठी चार पैसे जास्त मोजलेत ते एव्हाना बहुधा मेलेलं आहे.

एंडोफाइट म्हणजे वनस्पतीच्या आत गुपचूप राहणारा सूक्ष्मजीव. टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास या गवतांत तो म्हणजे एपिक्लोई ही बुरशी, आपल्या बाजरीवर पडणाऱ्या अरगटाची नातलग. तिचे तंतू बियाच्या सालीखाली आणि गर्भात असतात. बी रुजलं की ते कोंबाबरोबर वाढतात. फेस्क्यूतली बुरशी शेजाऱ्याच्या लॉनमधून उडून येत नाही. ती आईकडून बियात येते, बस्स. एकदा मेली की त्या घराण्यातून गेलीच.

कीथ क्ले यांनी १९८७ मध्ये या दोन्ही गवतांची बुरशी असलेली आणि नसलेली रोपं ताडून पाहिली. बुरशीवाल्या बियांची उगवण जास्त, रोपांना फुटवे जास्त, वजनही जास्त. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असं दिसलं नाही, कारण बुरशी रोपाचीच साखर खाते आणि वाण, पाणी, जमिनीतलं नत्र यांनुसार हिशेब बदलतो. मला स्वतःला उगवणीपेक्षा नंतरचे आठवडे महत्त्वाचे वाटतात. बुरशीमुळे तयार होणारी लोलाइन आणि पेरामाइन ही रसायनं अनेक किडींना नकोशी असतात, आणि कोवळं रोप वाचतं.

याची किंमत गुरांनी मोजली. १९३१ मध्ये केंटकीतल्या एका शेतावर सापडलेलं ‘केंटकी ३१’ हे चिवट फेस्क्यू १९४३ मध्ये बाजारात आलं आणि अमेरिकेत कोट्यवधी एकरांवर पसरलं. ते खाऊन गुरांना उन्हाळा सोसेना. थंडीत काहींचे खूर, शेपटीची टोकं झडू लागली. १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते याच बुरशीवर. तिचं अर्गोव्हेलीन रक्तवाहिन्या आकुंचित करतं.

उपाय सोपा वाटला: बी साठवा, बुरशी मरू द्या. साध्या खोलीत ती एक-दोन वर्षांत मरते, बी मात्र जगतं. १९८० च्या दशकात बुरशीमुक्त वाण आले, गुरं सुधारली, आणि कुरणं दुष्काळात विरळ झाली. शेवटी न्यूझीलंड आणि जॉर्जियातल्या संशोधकांनी अर्गोव्हेलीन न बनवणारी बुरशी फेस्क्यूत वसवली.

तेव्हा लॉनसाठी बी घ्याल तर ताजं घ्या, उरलेलं कोरड्या थंड जागी ठेवा. पण लॉनचं बी कुरणात टाकू नका. ओळखीत कुणाची गाभण घोडी फेस्क्यूवर चरत असेल, तर विण्याआधी दोन-तीन महिने तिला तिथून हलवायला सांगा. नाहीतर दिवस लांबतात, दूध उतरत नाही, कधी शिंगरूही दगावतं.