पैठणची चित्रं, पिंगुळीची शाळा

पैठण आपल्या मराठवाड्यातलं. चित्रकथीच्या एका ठसठशीत शैलीला नावही याच गावाचं. पण ही कला चालती-बोलती पाहायची, हातात कुंचला घेऊन शिकायची, तर कोकणात पिंगुळी गाठावी लागते. आपल्या हिमायतनगरहून निघालं तर राज्याचं एक टोक सोडून दुसरं टोक. तरी ज्याला चित्राची ओढ आहे त्याने जावंच.

कुडाळजवळच्या या गावात ठाकर कलावंतांची वस्ती आहे. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगणं, ही त्यांची पिढीजात कला. सावंतवाडी संस्थानाने तिला आश्रय दिला. परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. परशुराम गंगावणे यांनी ही कला मोडीत निघू दिली नाही. घरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या तिथे पाहायला मिळतात, शिकायलाही मिळतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एका कथेची सगळी चित्रं मिळून एक पोथी. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र. कथेकरी पान उभं धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने प्रसंग गातो, मग पान बदलतो. रंग पूर्वी दगडमातीचे आणि झाडपाल्याचे असत. पार्श्वभूमी बहुतेक मोकळीच. रावण समोर उभा ठाकला की त्याचे टपोरे डोळे आणि उगारलेला हात एवढंच नजरेत भरतं. देवळात, दिव्याच्या उजेडात, मागे बसलेल्यालाही प्रसंग कळला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. म्हणून शिकणाऱ्याचा खरा कस रंगात लागत नाही, रेघेत लागतो. डोळ्याची कड कचरत ओढली, तर राक्षसही बापुडवाणा दिसतो.

पैठण शैलीतली माणसंही अशीच मोठ्या डोळ्यांची, आवेशाची. त्यातली जुनी चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जपलेली आहेत. ती सांभाळली गेली हे मोठंच काम. पण ज्या चित्रापुढे कुणी गात नाही, ते मला अर्धंच वाटतं. एखाद्या शिबिरात नुसती नक्कल शिकून येणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं: आधी कथा कानावर पडू द्या, मग कागद पुढे ओढा.

आपल्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, महाशिवरात्रीला परमेश्वर मंदिराची यात्रा भरते. गावोगावची माणसं येतात. यात्रेच्या एका रात्री पिंगुळीच्या कलावंतांना मानाने बोलवावं, रास्त मानधन द्यावं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या पोरांसाठी त्यांचं शिबिर ठेवावं. यात्रेचा कारभार पाहणाऱ्यांनी आणि तालुक्यातल्या चित्रकला शिक्षकांनी एवढं मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.