ओळख पटविण्याचें शास्त्र

श्रोतेहो, आज मी दोन संशोधनांची हकीकत सांगणार आहें. एक वैद्यकांतील, दुसरें खगोलशास्त्रांतील. आपला कोण आणि परका कोण, हें अचूक ओळखणें हाच दोहोंचा गाभा आहे.

प्रथम वावड्याचा, म्हणजे अ‍ॅलर्जीचा विचार करूं. रोगजंतूंशीं झुंजणारी आपल्या शरीरांतील यंत्रणा कांहीं जणांत परागकण, शेंगदाणे अशा निरुपद्रवी पदार्थांनाच शत्रु समजते. मग पेशींतून हिस्टामीन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें. शिंका येतात, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. क्वचित् प्राणावरहि बेततें. १९११ सालीं लंडनमध्यें डॉक्टर लिओनार्ड नून यांनीं गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प मात्रेंत टोचण्यास आरंभ केला व मात्रा हळूहळू वाढवीत नेली. शरीराची सहनशक्ति वाढावी, हा हेतु. या पद्धतीचे उपचार आजहि चालू आहेत.

शेंगदाण्याच्या बाबतींत मात्र तज्ज्ञहि चुकले. धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊं नये, असा सल्ला २००० सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें दिला होता. पुढें लंडनमध्यें गिडिअन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा ६४० तान्ह्या मुलांचे दोन गट केले. एकास शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, दुसऱ्यास वर्ज्य केले. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पांचव्या वर्षीं वर्ज्य करणाऱ्यांत शेंकडा सुमारें १७ मुलांना वावडें जडलें होतें, खाणाऱ्यांत केवळ ३ मुलांना. तथापि ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याचें वावडें आहे, त्याच्यावर डॉक्टरांना विचारल्यावांचून हा प्रयोग करूं नये. आणि अख्खा दाणा तर कोणत्याहि तान्ह्या मुलाला देऊं नये, तो घशांत अडकतो.

आतां आकाशाकडे वळूं. ज्या जातीच्या लहरींवरून हें भाषण आपणांपर्यंत पोंचतें, त्याच जातीच्या लहरी ताऱ्यांकडूनहि येतात. पण त्या इतक्या क्षीण असतात कीं, पृथ्वीवरील यंत्रांचा गोंगाट त्यांना सहज झांकतो. म्हणून संशोधकालाहि विचारावें लागतें : हा संकेत आकाशांतला कीं शेजारचा?

१९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनीं येणारे ठोके आढळले. ते एखाद्या यंत्राचे असावेत, अशी शंका प्रथम आली. परंतु त्यांचा उगम ताऱ्यांप्रमाणेंच रोज सुमारें चार मिनिटें लवकर माथ्यावर येई. तो निघाला वेगानें फिरणारा, अतिघन असा मृत तारा.

ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथें उलट घडलें. तेथील दुर्बिणीला कांहीं चमत्कारिक संकेत वर्षानुवर्षें चकवीत होते. त्यांच्यामुळें २००१ सालीं टिपलेल्या एका खऱ्या, अतिदूरच्या संकेतावरहि संशय आला. २०१५ सालीं चोर सांपडला : वेधशाळेंतील मायक्रोवेव्ह शेगडी! ती चालू असतांच कोणी दार उघडलें कीं लहरी निसटत. शेगडीचा दोष सिद्ध झाला, आणि त्या दूरच्या संकेतावरील हा संशय दूर झाला.

आपल्या नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी असेच संकेत टिपतात. मुंबई-पुण्याच्या गोंगाटापासून दूर अशी ती जागा मुद्दाम निवडलेली आहे. तेथेंहि ऐकण्याच्या आधीं निवडावें लागतें.