कॅमेरा घ्यायचा, पण कोणता?

३१ जानेवारी २०१८ ची संध्याकाळ. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होते आणि तेही ग्रस्तोदित, म्हणजे ग्रासलेला चंद्रच पूर्वेला उगवणार होता. आमच्या शाळेच्या गच्चीवर साठ-सत्तर मुले जमली होती. मध्यभागी एका स्टुलावर विज्ञान मंडळाचा नवाकोरा डिजिटल कॅमेरा ठेवला होता. वर्षभर रद्दी विकून आणि खाऊचे पैसे साठवून मुलांनी तो घेतला होता. पसंत मात्र मी केला होता, आणि त्याची छाती फुगवून सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याचे २ कोटी चित्रबिंदू!

सातच्या सुमारास धुरकट आकाशातून तांबूस चंद्र वर आला. आम्ही कळ दाबली. पुन्हा दाबली. चाळीसएक चित्रे काढली. पडद्यावर दरवेळी तेच दिसे : राखाडी आकाशात सांडलेली तिखटाची पूड. चंद्राची कड नाही, रंग नाही, सगळीकडे नुसते रवाळ दाणे.

तेवढ्यात आमचा एक माजी विद्यार्थी आपला जुना, वापरलेला कॅमेरा आणि तिपाई घेऊन आला. त्याच्या कॅमेऱ्याचे चित्रबिंदू होते अवघे १ कोटी, म्हणजे आमच्या निम्मे. त्याने शांतपणे तिपाई उभी केली, एक-दोन खटके फिरवले आणि चित्र काढले. तांब्याच्या नाण्यासारखा गोल, घोटीव चंद्र! मुले त्याच्याभोवती गोळा झाली आणि आमचा कॅमेरा स्टुलावर एकटा पडला. मला विशेष लागले ते याचे, की तसलाच जुना कॅमेरा दुकानदाराने मलाही दोन भिंगांसह, त्याच किमतीत दाखवला होता. ‘एकच कोटी?’ असे म्हणून मी तो नाकारला होता.

चूक कुठे झाली, हे त्या रात्री घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिले. मित्रहो, तेच गणित आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्यापैकी कोणी शिष्यवृत्तीच्या पैशातून पहिला कॅमेरा घेणार असेल, तर निदान माझी चूक त्याच्या हातून होऊ नये.

आधी कॅमेऱ्याच्या आत काय चालते ते पाहू. पूर्वी भिंगामागे फिल्म असे. आता तिच्या जागी सिलिकॉनची एक चपटी चकती असते. तिला संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी आखलेल्या असतात. हेच चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल. असे १० लाख झाले की १ मेगापिक्सेल. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, चौकटीवर आदळला की सिलिकॉनमधून एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. झडप उघडी असेपर्यंत हे इलेक्ट्रॉन चौकटीत साठत राहतात. झडप मिटली की प्रत्येक चौकटीत किती जमले याची मोजदाद होते. जेथे जास्त तेथे उजेड, कमी तेथे अंधार. चित्र म्हणजे आकड्यांचा हा भलामोठा तक्ता, दुसरे काही नाही.

प्रकाशाने निर्माण केलेला विद्युतभार अशा चौकटींत साठवून एकामागून एक वाचण्याच्या साधनाची कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने त्याच साधनाभोवती पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रबिंदू १०० गुणिले १००, म्हणजे जेमतेम १० हजार, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद! त्या काळी चित्रबिंदूंची हाव धरणे रास्तच होते. आज मात्र तसे नाही.

का नाही, ते पाहा. ६ इंच गुणिले ४ इंच आकाराचे नेहमीचे छायाचित्र सुबक यायला इंचाला ३०० ठिपके पुरतात. गुणाकार करा : १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार. वहीच्या मोठ्या पानाएवढ्या, ए-४ आकाराच्या छपाईला सुमारे ८७ लाख. शाळेतले भित्तिपत्रक तर आपण चार पावले दूर उभे राहून वाचतो, त्याला त्याहून कमी चालतात. आणखी एक उदाहरण देतो. २०१४ साली आपले मंगळयान मंगळाभोवती फिरू लागले. त्यावरच्या रंगीत कॅमेऱ्याच्या संवेदकावर २०४८ गुणिले २०४८, म्हणजे सुमारे ४२ लाख चित्रबिंदू होते. मंगळाची अख्खी तबकडी दाखवणारी सुंदर चित्रे पाठवायला तेवढे पुरले!

मग आमच्या २ कोटींचे काय झाले? त्यासाठी पावसाळ्यात एक प्रयोग करून पाहा. वळवाची सर सुरू होताच अंगणात सारख्या आकाराच्या दहा लहान वाट्या मांडा आणि दोन-तीन सेकंदांनी उचला. प्रत्येकीत किती थेंब पडले ते मोजा. एकीत तीन, दुसरीत सात, तिसरीत चार. पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडत होता! आता वाट्यांऐवजी परातींची कल्पना करा. प्रत्येक परातीत शेकडो थेंब पडतील आणि परातीपरातीतला फरक प्रमाणाने किरकोळ असेल. नियम असा, की सरासरी जितके थेंब, त्याच्या वर्गमुळाइतकी चढउतार साधारणपणे होतेच. सरासरी १०० असेल तर १० ची, म्हणजे दहा टक्के. सरासरी १० हजार असेल तर १०० ची, म्हणजे केवळ एक टक्का.

प्रकाशाचे कणही थेंबांसारखेच, कसेही, मागेपुढे पडतात. ज्या चौकटीत थोडेच कण जमतात तिचा आकडा शेजारणीहून उगीचच वेगळा येतो आणि एकसारख्या आकाशावर दाणे दिसू लागतात. आमच्या चित्रातली तिखटाची पूड ती हीच. भरीला, चित्र उजळ दिसावे म्हणून कॅमेऱ्याने ‘आयएसओ’चा आकडा आपोआप वाढवला होता. या आकड्याने प्रकाश वाढत नाही बरे का! जमलेल्या मूठभर इलेक्ट्रॉनांची खूण तेवढी मोठी करून दाखवली जाते, आणि तिच्याबरोबर दाणेही मोठे होतात.

आता त्या रात्रीचा हिशेब. पूर्ण चंद्राची संवेदकावर पडणारी प्रतिमा किती मोठी असते? भिंगाचे नाभीय अंतर ११० ने भागले की झाले. त्या मुलाच्या भिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर, म्हणून प्रतिमा १.८ मिलिमीटर. त्याची चौकट ०.००६ मिलिमीटरची. म्हणजे चंद्राच्या रुंदीत सुमारे ३०० चौकटी आणि संपूर्ण तबकडीत सुमारे ७० हजार. आमच्या भिंगाचे नाभीय अंतर १०० मिलिमीटर, प्रतिमा ०.९ मिलिमीटर, पण चौकट ०.००१२ मिलिमीटरची, म्हणून तबकडीवर जवळजवळ साडेचार लाख चौकटी. चित्रबिंदूंच्या शर्यतीत आम्ही सहा पटींहून अधिक पुढे होतो!

पण प्रकाश? त्याच्या भिंगाचे तोंड ३६ मिलिमीटर व्यासाचे, आमचे १५. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून त्याच्याकडे सुमारे पावणेसहा पट प्रकाश. शिवाय त्याने झडप एक सेकंद उघडी ठेवली होती. आमचा कॅमेरा स्वयंचलित असल्याने पाव सेकंदाच्या पुढे जायलाच तयार नव्हता. म्हणजे एकूण २३ पट. हा प्रकाश त्याने ७० हजार परातींत झेलला आणि आम्ही आमचा तुटपुंजा प्रकाश साडेचार लाख वाट्यांत वाटला. प्रत्येक चौकटीच्या वाट्याला त्याच्याकडे आमच्या सुमारे दीडशे पट प्रकाश आला. हे गणित खरेदीच्या आधी केले असते तर! असो.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो संवेदक केवढा, हा. आलेख कागद घ्या आणि त्यावर चार आयत काढा : ३६ गुणिले २४ मिलिमीटर, २३.५ गुणिले १५.६, १३.२ गुणिले ८.८ आणि ६.२ गुणिले ४.६. पहिला जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. असा कॅमेरा महाग आणि जड, शिकाऊ माणसाने त्याच्या मागे लागू नये. दुसऱ्याला ‘एपीएस-सी’ म्हणतात. शेवटचा, तुरीच्या दाण्याएवढा, अनेक स्वस्त खिसाकॅमेऱ्यांत असतो. दुसऱ्याचे क्षेत्रफळ शेवटच्याच्या सुमारे १३ पट आहे. दोन्हींवर २ कोटी चित्रबिंदू असू शकतात, पण भिंगाचा ‘एफ’ आकडा आणि झडपेचा वेळ सारखा ठेवला तर दुसऱ्यावर १३ पट प्रकाश जमेल. नावांना मात्र फसू नका. तिसऱ्या आयताला बाजारात ‘एक इंची’ संवेदक म्हणतात, पण त्याचा कर्ण मोजा, १६ मिलिमीटरही भरणार नाही! जुन्या दूरदर्शन कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेले हे नाव आहे. नळ्या गेल्या, नाव राहिले.

दुसरा प्रश्न भिंगाचा. त्याच्या कड्यावर ‘१ : ३.५-५.६’ असे काहीतरी कोरलेले असते. नाभीय अंतराला या आकड्याने भागले की तोंडाचा व्यास मिळतो. म्हणून हा आकडा जितका लहान, तितके भिंग उदार. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, १.८ आकड्याचे भिंग अनेक कंपन्या त्यामानाने स्वस्तात देतात. ५.६ आकड्याच्या मानाने ते संवेदकाच्या तेवढ्याच जागेवर साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश टाकते. ते झूम होत नाही. जवळ जायचे तर आपणच दोन पावले पुढे जायचे. शिकणाऱ्याला ते चांगलेच. ‘डिजिटल झूम’ या शब्दाला मात्र एक पैसाही जास्त देऊ नका. त्यात चित्राच्या मधल्या भागाला कात्री लावून तो ताणलेला असतो, एवढेच.

तिसरे पाहायचे ते कॅमेरा तुमचे ऐकतो का. वरच्या चकतीवर ‘एम’ अक्षर असेल तर झडपेचा वेळ, छिद्राचा आकार आणि आयएसओ हे तिन्ही तुम्हाला ठरवता येतात. ते नसेल तर तुम्ही फक्त कळ दाबणारे. खाली तिपाईचा आट्याचा खाचा असावा. आत आरसा असलेला जुन्या धर्तीचा कॅमेरा घ्यावा की बिनआरशाचा नवा, यावर शिकाऊ माणसाने डोके शिणवू नये. नवे बहुतेक बिनआरशाचे निघतात, म्हणूनच आरशाचे चांगले कॅमेरे वापरलेल्या मालात स्वस्त मिळतात. आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका; डोळा जाईल.

वापरलेला घेताना भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजा आणि परत द्या. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना ही बुरशी नव्या भिंगालाही पावसाळ्यात गाठते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कॅमेरा ठेवावा, आणि पुड्या दमट झाल्या की बदलाव्यात.

दुकानात जाताना आपले मेमरी कार्ड बरोबर न्या. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचे एकच चित्र प्रत्येक कॅमेऱ्याने, सारख्याच आयएसओवर काढा आणि घरी संगणकावर मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. एक गमतीची परीक्षाही घ्या. विरामघड्याळ चालू करून बरोबर १० व्या सेकंदाला कळ दाबा. चित्रात १०.४ दिसले तर कॅमेरा तुमच्या बोटामागून ०.४ सेकंद रेंगाळतो आहे. अर्थात यात तुमचे बोटही थोडे चुकते, म्हणून दहा वेळा करून सरासरी काढा. तेवढ्या वेळात खंड्या मासा घेऊन उडून जातो.

आणि पैसे नसतील तर? घरात कॅमेऱ्याचा मोबाइल फोन असेल तर सुरुवात त्यानेच करावी. त्याचा संवेदक लहान असतो खरा, पण पुष्कळ फोन एकाच कळीत अनेक चित्रे घेतात आणि ती एकमेकांवर बसवून सरासरी काढतात. अनेक वाट्यांतले पाणी एका परातीत ओतण्याचाच हा प्रकार. स्थिर वस्तू त्याने छान येतात. पानावरून उडणाऱ्या चतुरापुढे मात्र ही युक्ती बहुधा फसते. फोनने महिनाभर रोज काढा, आणि आपल्याला नेमके काय जमले नाही याची यादी ठेवा. कोणता कॅमेरा घ्यायचा ते ती यादीच सांगेल.

आमच्या विज्ञान मंडळाने तो खिसाकॅमेरा विकला नाही. भर उन्हात तो उत्तम चालतो. सहलीत आणि फुलांच्या नोंदींसाठी मुले तो हौसेने वापरतात. दरम्यान रद्दी विकणे पुन्हा सुरू झाले आहे. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्ण ग्रासलेला असेल, आणि या वेळी तो आपल्या डोक्यावर बराच उंच असेल. कॅमेरा कोणता घ्यायचा, हे यंदा मुलेच आलेख कागदावर ठरवणार आहेत. मला फक्त तिपाई धरायला सांगितले आहे.