आधी मॅगझिन, मग बोल्ट

पोलिसांच्या हातून नकळत गोळी सुटण्याच्या हमखास वेळा चकमकीच्या नसतात. पहारा बदलणे, कोतात म्हणजे शस्त्रागारात हत्यार जमा करणे, साफसफाई, किंवा ‘खालीच आहे’ म्हणून ते दुसऱ्याकडे देणे, ही ती रोजची कामे. हैदराबादेत हुसैनी आलम ठाण्याच्या हद्दीत बंदोबस्ताला असलेला हेड कॉन्स्टेबल ऑगस्ट २०२३ मध्ये स्वतःच्याच बंदुकीतून सुटलेल्या गोळीने गेला. त्याच वर्षी डिसेंबरात अलीगढच्या एका ठाण्यात पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेली महिला टेबलासमोर उभी होती. कर्मचाऱ्याने फौजदाराच्या हाती पिस्तूल दिले, त्याने ते हाताळले आणि गोळी तिच्या डोक्यात शिरली. काही दिवसांनी ती दगावली.

अशा अपघातांमागची एक नेहमीची चूक क्रमाची असते. इन्सास रायफलच्या मॅगझिनमध्ये २० राउंड मावतात. बोल्ट मागे ओढून सोडला की वरचा राउंड चेंबरमध्ये जातो. म्हणून खाली करताना आधी मॅगझिन काढायचे, मग बोल्ट ओढायचा, चेंबरमधला राउंड बाहेर पडला की आत डोकावायचे. अंधारात बोटाने चाचपायचे. क्रम उलटला, तर ओढलेल्या बोल्टने एक राउंड बाहेर पडतो आणि दुसरा लगेच त्याची जागा घेतो. मग मॅगझिन निघाले की बंदूक रिकामी भासते. शेवटी घोडा पाडण्यासाठी चाप ओढला जातो, आणि गोळी नळी रोखलेली असेल तिकडे जाते. म्हणूनच हे काम वाळूच्या पोत्यांकडे नळी धरून, गार्ड अंमलदारासमोर करायचे असते. बारा तासांच्या ड्यूटीनंतर घाईत असलेल्या शिपायाला हा सोपस्कार वाटतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

हत्यारागणिक धोका बदलतो. ग्लॉक पिस्तुलाला सेफ्टीचा वेगळा खटका नसतो. चापावर बोट न ठेवणे हीच पहिली खबरदारी. पूर्वी पोलिसांकडे सर्रास दिसणाऱ्या ९ मिमी कार्बाइनचा बोल्ट मोकळा. या घडणीच्या भरलेल्या बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला, तर बोल्ट धक्क्याने मागे सरकून पुढे येताना राउंड उडवू शकतो. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकतो, त्यामुळे ती हातून पडणेही पुरते. अभिनेता गोविंदा १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरने पायाला जखमी झाला, तेव्हाही ती हातून निसटल्याचेच सांगण्यात आले.

मृत्यू झाल्यास निष्काळजीपणाचा गुन्हा लागू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. खातेनिहाय चौकशी वेगळी. जप्त हत्यार न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. तिथे चाप ओढायला किती जोर लागतो ते मोजतात, सेफ्टी तपासतात आणि धक्क्याने घोडा सुटतो का हेही पाहतात. तिन्हींत दोष सापडला नाही, तर तपास हत्यार धरणाऱ्याकडे वळतो.