फाटकावरचा वाघ कुठे बनतो?

मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त जंगलालगतच्या एका गावी गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून अभयारण्याच्या फाटकाजवळच्या दुकानांत डोकावलो. टोप्या, किल्ल्यांच्या कड्या, रबरी वाघ, प्लॅस्टिकची हरणं. एक वाघ उलटा करून पाहिला, तर पोटावर परदेशाचं नाव! तिथून हाकेच्या अंतरावर बुरडांची आठ-दहा घरं. एक म्हातारबाबा सूप विणत बसले होते. म्हणाले, "पर्यटक रोज दारावरून जातात जी, पण थांबत कोणी नाही. दुकानदार म्हणतो, तुझा माल महाग."

वाघ आपला, जंगल आपलं, पिकात घुसणारी रानडुकरंही आपल्याच वाट्याची. मग वाघाच्या नावावर होणारा धंदा तेवढा परका का?

अमेरिकेतही हाच प्रश्न

ही तक्रार आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेच्या राजधानीतल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात त्यांच्याच राष्ट्राध्यक्षांचे पुतळे विकायला होते, आणि ते चीनमध्ये बनलेले! २०११ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी त्यावर आवाज उठवला. तेव्हा आपल्या एका दुकानात फक्त अमेरिकी बनावटीचा माल ठेवायचं संग्रहालयाने कबूल केलं.

त्यांच्या राष्ट्रीय उद्यानांतली युक्ती मात्र आपल्याला जास्त उपयोगाची आहे. तिथल्या दुकानदारांना विक्रीच्या उत्पन्नातून सरकारला शुल्क द्यावं लागतं. १९९८ च्या कायद्याने तिथल्या मूळ आदिवासींच्या अस्सल हस्तकलेच्या विक्रीवर हे शुल्क माफ केलं. म्हणजे बंदी नाही, सक्ती नाही. स्थानिक माल ठेवला तर दुकानदाराचाच फायदा.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडेही वाटा आहेत. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, पण हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट दिली गेली. रेल्वेने २०२२ मध्ये 'एक स्टेशन एक उत्पादन' योजना सुरू करून स्टेशनांवर स्थानिक मालाला जागा दिली. दिल्लीच्या 'दिल्ली हाट'मध्ये कारागिरांना पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस गाळे मिळतात.

बांबूचंही तसंच. पूर्वी शेतातला बांबूसुद्धा कायद्याने 'झाड' होता, तोडायला-न्यायला परवान्याची कटकट. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून मोकळा झाला. म्हणजे बांधावर मानवेल किंवा कटांग लावणारा शेतकरी, तो घडवणारा बुरड आणि फाटकावरचा दुकानदार अशी साखळी गावातच जुळू शकते.

आधी आपल्या घरचं पाहू

दुकानदार म्हणतो ते सगळंच खोटं नाही. शंभर नग मागितले तर तीस येतात, तेही हंगाम उलटल्यावर. घेतलेल्या टोपलीला सहा महिन्यांत भुंगा लागतो. एकदा फसलेला पर्यटक पुन्हा थांबत नाही. म्हणून सांगतो, कोवळा बांबू तोडू नका, तीन वर्षांचा पक्का घ्या. पावसाळ्यात तोडू नका, हिवाळ्यात तोडा. त्या वेळी बांबूत पिष्ट कमी असतं, कीड कमी लागते. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया करून मगच वस्तू घडवा.

बचत गटांनी मध, हळद, मिरची ठेवताना अन्न नोंदणी, वजन, किंमत, तारीख आणि पत्ता पाकिटावर छापलाच पाहिजे. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या नावाखाली भलताच माल भरला, तर नाव आपलंच जाईल.

ग्रामसभेने काय करावं?

फाटकाबाहेरचे गाळे ग्रामपंचायतीचे असतील, तर लिलावाच्या अटी ठरवताना गावाला बोलता येतं. आतलं दुकान असेल, तर परिसर विकास समितीमार्फत वनखात्याकडे मागणी करता येते.

माझ्या मते, सगळा परका माल एकदम बंद करू नये. दुकान रिकामं राहील आणि भाडं बुडेल. पहिल्या वर्षी एक फळी जिल्ह्यातल्या मालासाठी राखून ठेवावी. जो दुकानदार निम्मा माल स्थानिक ठेवील, त्याला भाड्यात सूट द्यावी. 'स्थानिक' म्हणजे काय, हेही ठरावात स्पष्ट लिहावं: घडवला कुठे, कोणी, आणि कच्चा माल कुठला. नाहीतर शहरातून आणलेल्या वस्तूवर गावाची चिठ्ठी डकवायला वेळ लागत नाही. तपासायला गटाच्या दोन बायका आणि एक कारागीर नेमावा. ठरावाची कायदेशीर बाजू ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पंचायत समितीकडून आधीच पाहून घ्यावी.

निघताना त्या म्हातारबाबांकडून एक टोपली घेतली. पैसे कनवटीला लावत ते म्हणाले, "पोरगा नागपूरला कामाला गेला. हे हात थांबले की संपलं." पुढचे लिलाव होण्याआधी एकदा ग्रामसभेत हा विषय निघाला, तर कदाचित तो पोरगा परत यायचा विचार करील.